थंडीत वर चढलेली रेषा

धाकटी चाळिशी ओलांडून बरीच पुढे आली होती, केस निम्मे पिकले होते, प्रयोगशाळेच्या दारावर तिच्या हुद्द्याची पाटी होती. पण घरच्यांसाठी ती अजून धाकटीच. आईसाठी धाकटी, दादासाठी धाकटी. दादाही तिच्यासारखाच भौतिकशास्त्रातला. फरक एवढाच, की तो कागदावर काम करायचा आणि ती यंत्रावर. लहानपणी घरातलं घड्याळ बंद पडलं की दादा हनुवटीला हात लावून, ते का बंद पडलं असेल याचा विचार करत बसायचा. तेवढ्यात धाकटीने ते उघडून त्याचे स्क्रू सतरंजीवर मांडलेले असायचे.

दोघांनी पुढे धरलेला विषयही एकच. काही पदार्थ खूप गार केले की त्यांतून वीज कसल्याही अडथळ्याशिवाय वाहते. त्यांना अतिवाहक म्हणतात. त्यांतल्या एका कुळाला 'उच्च तापमानाचे अतिवाहक' असं नाव आहे. आईने हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा विचारलं होतं, "उच्च म्हणजे? गरम असतात?"

"नाही गं, बर्फाहून कितीतरी थंड," दादा म्हणाला. "पण बाकीच्यांच्या मानाने गरम."

"मग तसं सांगा की. त्यातल्या त्यात गरम."

तेव्हापासून घरात त्या पदार्थांचं नाव 'त्यातल्यात्यात' असंच पडलं. "काय म्हणतायत तुमचे त्यातल्यात्यात?" असं आई विचारायची, जसं एखादीने सुनेच्या माहेरचं विचारावं.

भांडण लागलं ते या कुळातल्या एका वेगळ्या वळणाच्या पोरावरून. अतिवाहकात इलेक्ट्रॉन जोडीजोडीने चालतात. जोडी मोडायची तर थोडी ऊर्जा खर्चावी लागते. त्या खर्चाला ऊर्जाफट म्हणतात. प्रश्न असा, की हा खर्च सगळ्या दिशांना सारखा, की कुठे जास्त, कुठे कमी? सारखा असेल तर फटीचं चित्र ताटासारखं गोल येतं. नाहीतर ते चार पाकळ्यांच्या फुलासारखं असतं, आणि दोन पाकळ्यांच्या मध्ये फट पार मिटते, म्हणजे त्या दिशेला जोडी नुसत्या फुंकरीनेही मोडते. शिवाय शेजारच्या पाकळ्यांची चिन्हं उलटी, एक धन तर एक ऋण. कुळातल्या बाकीच्या पदार्थांच्या बाबतीत पाकळ्यांवर शिक्कामोर्तब झालं होतं. हे एकच पोर दाद देत नव्हतं. दादाने आयुष्याची उमेदीची वर्षं घालून सिद्धांत मांडला होता, की याच्याही फटीला पाकळ्याच असणार. आणि धाकटीने मोजून दाखवलं, की नाही, ताटच आहे.

तिची मोजायची रीत अशी. तिळाएवढा स्फटिक तारेच्या वेटोळ्यात ठेवायचा आणि गार करत न्यायचा. चुंबकीय क्षेत्र अतिवाहकाच्या पृष्ठभागातून किंचित आत झिरपतं. जोड्या मोडलेल्या असतील तर ते जास्त आत शिरतं. फट ताटासारखी असेल, तर पुरेशा थंडीत एकही जोडी मोडत नाही, झिरपणं बदलायचं थांबतं आणि आलेखावर सपाट रेषा येते. धाकटीला सपाट रेषा मिळाली होती. इतकी सपाट, की पाहणाऱ्याने पट्टी लावून पाहावी.

तो स्फटिक भट्टीकाकांचा. भट्टीकाका म्हणजे तिच्याच संस्थेतले ज्येष्ठ शास्त्रज्ञ. जन्मभर भट्टीपुढे बसून त्यांनी स्फटिक वाढवले, म्हणून सगळे त्यांना याच नावाने हाक मारत, आणि त्यांनाही ते पदवीपेक्षा आवडायचं. त्या आलेखाने दोघांचं नाव झालं.

मग एका मोठ्या परिषदेत दादा बोलायला उभा राहिला. त्याने पडद्यावर धाकटीचा आलेख लावला आणि म्हणाला, "हा आलेख इतका देखणा आहे, की मला त्याच्या चारित्र्याबद्दल शंका येते." सभागृह खो खो हसलं. धाकटी तिथेच बसलेली होती. दादा असं काही बोलणार आहे याची तिला कानोकान खबर नव्हती.

बाहेर आल्यावर तिने एवढंच विचारलं, "घरी सांगता आलं नसतं?"

"घरी तू ऐकून घेतलं असतंस?" दादा म्हणाला.

झालं. त्यानंतर दोघांचं बोलणं बंद. आई दादाकडे राहायची, दुसऱ्या गावात. रविवारी धाकटीचा फोन जायचा तो आईला. "त्याला सांग, त्याच्या डोळ्यांच्या डॉक्टरांचा नंबर हवा होता." आई तिथूनच ओरडायची, "अरे, ही विचारतेय, डोळ्यांच्या डॉक्टरांचा नंबर काय?" आणि मग फोनमध्ये, "तो म्हणतोय, पाठवतो." दोघांच्या मधलं टपाल खातं आईने बिनतक्रार चालवलं. फक्त एकदा म्हणाली, "त्या तुमच्या फटीपायी घरात फट पाडलीत रे तुम्ही."

अशी दोनएक वर्षं गेल्यावर धाकटीच्या प्रयोगशाळेत नवं शीतयंत्र आलं. जुन्यापेक्षा बरंच खाली जाणारं. ते बसवण्यात, गळत्या शोधण्यात आणि कंपनीच्या माणसाशी हुज्जत घालण्यात उन्हाळा गेला. यंत्र चालू झाल्यावर तिने तोच जुना नावाजलेला स्फटिक आत ठेवला. तिला खात्री होती, की सपाट रेषा तशीच पुढे सपाट जाईल, आणि दादाच्या तोंडाला कायमचं कुलूप बसेल.

सकाळी चहाचा कप घेऊन ती पडद्यासमोर बसली. रेषा आली ती सपाट. जुना आलेख जिथे संपत होता ती जागा मागे पडली. अजून सपाट. आणि मग, थंडी आणखी वाढली तशी, रेषा हळूच वर चढायला लागली.

कप तिच्या हातातच राहिला.

वर चढायचं काही कारणच नव्हतं. खाली आली असती, तर इतक्या थंडीतही काही जोड्या मोडलेल्या होत्या आणि त्या आता जुळतायत असं म्हणता आलं असतं. सपाट राहिली असती तर सोन्याहून पिवळं. पण थंडी वाढते तसं क्षेत्र जास्त आत शिरतंय? म्हणजे माणसाने जसजशी खिडकी लावावी तसतसा पाऊस जास्त आत यावा.

तिने स्फटिक काढून रिकामं वेटोळं चालवलं. सपाट. म्हणजे यंत्र ठीक होतं. त्याच भट्टीतला दुसरा स्फटिक ठेवला. पुन्हा वर. तिने भट्टीकाकांना बोलावलं. काका चष्मा कपाळावर सारून बराच वेळ पडद्याकडे बघत राहिले.

"तापमापी खोटं बोलत असेल."

"बदलून बघितला, काका."

"मग तारेचा सांधा."

"तोही."

काकांनी खुर्ची ओढली. "हे बघ, आपला जुना आलेख इथपर्यंत होता." त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं. "इथपर्यंत तो आजही जसाच्या तसा येतोय. पुढचं हे कसलं शेपूट आहे ते सावकाश बघू. तोवर इथपर्यंतचाच छापला, तर त्यात खोटं काही नाही."

काका लबाड माणूस नव्हते. त्यांना आपल्या स्फटिकाची काळजी होती, पोरीला दृष्ट लागू नये अशी. धाकटीने मान डोलावली. पण दुपारी डबा बाजूला ठेवून ती पुन्हा ते शेपूटच बघत बसली. हे कुणाशी बोलावं? सहकाऱ्यांपैकी निम्मे चटकन विषय बदलतील, उरलेले निम्मे मनातून खूश होतील. हे ऐकून ज्याची झोप उडेल, पण जो आनंदाने उड्या मारणार नाही, असा एकच माणूस तिला आठवत होता. आणि आठवत होता म्हणूनच तिचा संताप होत होता.

शेवटी तिने फोन लावला. वार रविवार नव्हता, त्यामुळे आई आधी घाबरली.

"काय झालं? बरी आहेस ना?"

"बरी आहे. दादा आहे का घरात?"

"आहे. काय सांगू त्याला?" आईने सवयीने विचारलं.

"काही सांगू नकोस. त्याला फोन दे."

पलीकडे आईची पावलं, एक दार, काहीतरी कुजबुज, आणि दादाचा घसा खाकरल्याचा आवाज.

"बोल, धाकटे."

"रेषा वर जातेय," ती म्हणाली. कशी आहेस, कसा आहेस, काही नाही. "नवं यंत्र. जास्त थंडी. तोच स्फटिक. आणि रेषा वर जातेय."

"वर? खाली म्हणायचंय तुला."

"मला वर आणि खाली कळतं, दादा."

"हो, हो. पण वर कशी जाईल? थंडीत जोड्या मोडतात असं का म्हणायचं?"

"नाही मोडत. तुझ्या पाकळ्यांतही नाही आणि माझ्या ताटातही नाही."

"मग याला माझ्याकडे सूत्र नाही," दादा म्हणाला.

'मी सांगितलं नव्हतं का?' या वाक्याची ती कंबर कसून वाट बघत होती. ते आलंच नाही. उलट दादाच्या आवाजात जुन्या घड्याळासमोर बसल्यावर यायची तशी धार आली.

"एक बावळट प्रश्न विचारू? त्या वेटोळ्याला नेमकं काय कळतं?"

"म्हणजे?"

"तू म्हणतेस, क्षेत्र किती आत शिरलं ते मोजते. पण वेटोळ्याला आत-बाहेर काय माहीत? तार ती तार. तिला जाणवतं ते काय?"

"चुंबकत्व जाणवतं. तिच्या पोटात जे काही ठेवलंय, त्या सगळ्याचं मिळून एकूण..." आणि ती थांबली.

"धाकटे? आहेस ना?"

"फोन ठेवू नकोस," ती म्हणाली. "दादा, या स्फटिकात निओडिमियम आहे."

"ज्याचे लोहचुंबक करतात ते?"

"तेच. कानात घालायच्या गाण्याच्या बोंडांतसुद्धा असतं ते. इथे त्याचे सुटे अणू आहेत, प्रत्येक अणू म्हणजे इवलासा चुंबक. आणि जितकी थंडी जास्त, तितका त्यांचा जोर जास्त." ती आता भराभर बोलत होती. "झिरपणं खरंच कमी होत असेल. पण या चुंबकांमुळे वेटोळ्याला ते वाढल्यासारखं वाटतंय. एक खाली ओढतोय, एक वर. जुन्या यंत्राच्या थंडीत दोघांची बरोबरी होत होती."

"म्हणून सपाट," दादा हळूच म्हणाला.

"म्हणून सपाट. आणि आता जास्त थंडीत चुंबकांची सरशी झाली."

तिला वाटलं होतं, की आपला नावाजलेला आलेख मोडला तर काळजात कळ उठेल. कळ उठली, नाही असं नाही. पण तिच्या आधी, तिला ढकलून पुढे, दुसरंच काहीतरी आलं होतं. कारण सापडलं होतं.

"मी येऊ का तिकडे?" दादाने विचारलं.

"ये. आईलाही घेऊन ये."

खरं अवघड काम पुढेच होतं: भट्टीकाकांना सांगणं. काका ऐकताना लाल होत गेले. "म्हणजे माझ्या स्फटिकात खोट होती म्हणायची."

"खोट अजिबात नाही, काका. त्यात जे असायला हवं तेच आहे, आणि नेमकं तेच नडलं."

त्यावर उपायही काकांच्याच हातात होता. निओडिमियमच्या शेजारचं एक मूलद्रव्य आहे, प्रेसिओडिमियम. चेहरामोहरा तसाच, पण अशा स्फटिकात थंडीत त्याचा चुंबक झोपलेला असतो. ते घालून तोच अतिवाहक वाढवला तर मोजमापात लुडबुड करायला कुणी उरत नाही. काकांनी पूर्वी एकदा प्रयत्न केला होता; स्फटिक गार होताना तडकायचे. "वेळ लागेल," काका म्हणाले. आणि दाराशी जाऊन वळले. "आणि ते तुझे बंधुराज येणार आहेत म्हणे. सभेत हसवणारे. त्यांना माझ्या भट्टीपासून लांब ठेव."

दादा आला तो आईला घेऊन, लांबलचक रजा टाकूनच. धाकटीने पहिल्याच दिवशी नियम घालून दिला: प्रयोगशाळेत हात खिशात. दादा तसाच वावरायचा, खिशात हात घालून, बाजारात हरवलेल्या पाहुण्यासारखा. तरी त्याने कोपराने एक काचेची नळी पाडलीच. काकांनी तुकडे गोळा केले, एक शब्द बोलले नाहीत, आणि ते न बोलणं दिवसभर पुरलं.

स्फटिक तडकत होते. पहिली खेप तडकली, दुसरी भुगा होऊन निघाली. तिसऱ्या खेपेला दादा भट्टीच्या दारापाशी जाऊन उभा राहिला. "काका," तो म्हणाला, "तडे नेहमी एकाच दिशेने जातात का?"

काकांनी त्याच्याकडे पाहिलं. चष्मा खाली आणला. "आत या," म्हणाले. "हात बाहेर काढले तरी चालतील." आणि दोघं मिळून तडे बघत बसले. त्यातून निघालं फारसं काही नाही. स्फटिक अखेर काकांनीच सुधारले, भट्टी अगदी सावकाश गार करून. पण त्या दिवसापासून चहाला तीन कप यायला लागले.

अशाच एका चहाच्या वेळी, काका उठून गेल्यावर, दादा कपात बघत म्हणाला, "त्या परिषदेत मी घाबरलो होतो."

"तू?"

"तुझा आलेख खरा असता तर माझं सगळं काम पाण्यात होतं. माझ्याकडे त्याच्याविरुद्ध पुरावा नव्हता गं. म्हणून विनोद केला."

धाकटीने कप खाली ठेवला आणि म्हणाली, "विनोद चांगला होता. म्हणूनच लागला."

"चुकलंच माझं."

"हो, चुकलंच," ती म्हणाली, आणि बिस्किटांची बशी त्याच्याकडे सरकवली.

नवा स्फटिक यंत्रात गेला तेव्हा शिशिराचं स्वच्छ ऊन खिडकीतून यंत्राच्या पायापर्यंत आलं होतं. पडद्यासमोर तिघं. आई पण आली होती. तिला कोपऱ्यातली चांगली खुर्ची दिली होती आणि ती विणत बसली होती. रेषा निघाली. जुनी सपाटीची जागा आली, आणि रेषा तिथे थांबली नाही. खाली येत राहिली. थंडी वाढली, तरी खालीच.

"ताट नाही," धाकटी म्हणाली. तिचा स्वतःचाच आवाज तिला परका वाटला. "फट कुठेतरी मिटतेय. इतक्या थंडीतही जोड्या मोडतायत."

तिने दादाकडे पाहिलं. तो आनंदाने नाचत असेल असं वाटलं होतं. पण तो कपाळाला आठ्या घालून पडद्याजवळ सरकला होता.

"सरळ नाहीये," तो म्हणाला.

"काय?"

"माझ्या सूत्राप्रमाणे तिरकी सरळ रेषा यायला हवी. ही शेवटी वाकतेय. वाटीच्या बुडासारखी."

"तो माझा मळ," मागून भट्टीकाका शांतपणे म्हणाले. दोघांनी वळून पाहिलं. "स्फटिकात थोडे परके अणू राहतातच. पाकळ्यांची फट असली, तर असल्या मळाने सरळ रेषा वाकते. तुमच्याच लोकांनी लिहिलंय ते. मी वाचतो कधीकधी. पुढचा स्फटिक आणखी स्वच्छ काढला तर वाक कमी होईल. न झाला तर मग तुमचं सूत्र वाकडं."

दादा हसला. आधी नुसता, मग मोठ्याने, आणि धाकटीलाही हसू आवरेना.

"मग जिंकलं कोण?" आईने विणकामातून मान वर केली.

"अजून कुणीच नाही, आई," दादा म्हणाला.

"एवढा खटाटोप करून?"

धाकटी आईच्या खुर्चीजवळ जाऊन बसली. आपला जुना आलेख का फसला, हे तिने स्वतः लिहायचं ठरवलं होतं. मसुदा मनात तयार होता आणि त्यात कुठेही सारवासारव नव्हती. काका त्यावर सही करणार होते. दादा त्यात आपलं नाव घालू नको म्हणत होता आणि त्यावरून पुन्हा थोडं वाजलंही होतं. पण आता तिच्या डोक्यात त्याच्या पुढचं होतं.

"हे बघ, आई. पाकळ्या आहेत असं दिसतंय, पण त्यांची चिन्हं उलटी आहेत की नाही ते या रेषेतून कळत नाही. त्यासाठी एक अंगठी करायची. तीन तुकड्यांची, प्रत्येक तुकडा वेगळ्या दिशेला वाढवलेला. चिन्हं उलटी असतील, तर ती अंगठी गार झाल्यावर आपली आपणच थोडं चुंबकत्व धरून बसते. कुणी न देता. आणि ते नेहमीच्या मापाच्या बरोबर अर्धं."

"कुणी न देता?"

"कुणी न देता. ते अर्धं माप सापडलं, तर वाद मिटला."

"करता येते अशी अंगठी?"

धाकटीने काकांकडे पाहिलं. काकांनी छताकडे पाहिलं. "तीन दिशांचा पाया लागेल," ते स्वतःशीच पुटपुटले, "आणि सांध्यावर तडा जाता कामा नये... अवघड आहे. पण नाही होणार असं मी म्हणणार नाही."

"गणित मी करतो," दादा म्हणाला. "कोणत्या कोनात तुकडे ठेवायचे ते. पुढच्या वर्षी इथेच पाहुणा म्हणून यायची सोय होते का बघतो."

"किती दिवस चालेल हे?" आईने विचारलं.

"दिवस नाही गं. दोन वर्षं तरी. जास्तच."

आईने सुया एकत्र करून लोकर पिशवीत घातली. "मग मी तुझ्याकडेच राहते," ती धाकटीला म्हणाली. "हा इथे येऊन-जाऊन राहणार, तर मी तिकडे एकटी काय करू? तुझ्या त्या मागच्या खोलीला पडदे नाहीत, सकाळी ऊन डोळ्यांवर येतं. संध्याकाळी जाताना कापड बघू या."

"बघू या," धाकटी म्हणाली. मग उठून तिने यंत्र पुन्हा गरम व्हायला लावलं, आणि काकांच्या हातातला खडू घेऊन फळ्यावर अंगठीचं पहिलं चित्र काढलं. ते वाकडं आलं. दादाने पुढे होऊन ते पुसलं, आणि त्याचं त्याहून वाकडं आलं.